सरावाचा तास

वन्सं शाळेत खेळाच्या बाई होत्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न करून या घरात आले तेव्हा शेजारणींनी आधीच सावध करून ठेवलं होतं, की नणंद बिनलग्नाची आहे, तापट आहे आणि सकाळी शिट्टी वाजवून घर उठवते. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं असणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं आणि सुरुवातीला आम्ही कोणाचीही निराशा केली नाही. मग कधीतरी दोघींच्या लक्षात आलं की या घरात ठामपणे बोलणाऱ्या आपण दोघीच आहोत, आणि माझा नवरा दोघींना भिऊन वर्तमानपत्रात तोंड घालून बसतो. तेव्हापासून आमचं जमलं.

उंच, काटक बाई. केस कानाच्या वर कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला शिट्टी. मुलं मागून शिट्टीबाई म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. घरातलं बोलणंही मैदानावरचंच. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी असते, संध्याकाळी कंबर धरते, पण भाजी निवडताना जरा वाकून बसले की वन्संचं कोपर पाठीत बसलंच म्हणून समजा. "पाठ सरळ," एवढंच. दया नावाला नाही.

शिकवण्याबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि कोणी विचारलं नसलं तरी त्या ते ऐकवायच्या. भीती वाटली की माणसाचं डोकं आधी पळून जातं आणि अंग मागे राहतं, म्हणून जे शिकवायचं ते अंगाला शिकवायचं. याला कारण होतं. आगीची घंटा न सांगता वाजवायची आणि मुलांना रांगेने मैदानात आणायचं, हा सराव त्यांनी शाळेत सुरू केला तेव्हा बाकीचे शिक्षक वैतागले होते. पुढे एकदा प्रयोगशाळेत खरोखरच आग लागली. मोठी माणसं किल्ल्या शोधत राहिली आणि मुलं रांगेत बाहेर येऊन उभी राहिली, एकाचाही केस करपला नाही. त्या दिवसापासून वन्संच्या शब्दाला शाळेत वजन आलं, आणि माझ्या मते सगळं तिथेच बिघडलं. एकदा इतकं बरोबर ठरलेलं माणूस पुन्हा स्वतःला तपासून बघत नाही.

सहावी ते आठवीसाठी नवा विषय आला. स्वतःची सुरक्षितता आणि आरोग्य. आठवड्यातून एक तास. पुस्तक आलं, त्यात गोल चेहऱ्याची हसरी मुलं आणि बाणांनी दाखवलेली शरीरं. विज्ञानाच्या सरांनी आपला अभ्यासक्रमच पुरा होत नाही म्हणून हात झटकले. भाषेच्या बाई पुस्तक उघडूनच लाल झाल्या. फिरत फिरत ते पुस्तक वन्संच्या टेबलावर आलं आणि त्यांनी ते घरी आणून एका बैठकीत वाचलं. मग मला म्हणाल्या की यात सगळं खरं लिहिलंय, पण हे वाचून कोणाचंही अंग काही शिकणार नाही.

मग त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. सिगारेटचा धडा आला तेव्हा मुलांना नाक धरून, सरबताच्या नळीतून श्वास घेत जिने चढायला लावले. वरच्या मजल्यावर मुलं खोकत, हसत बसली आणि घरी जाऊन आपापल्या बापांच्या तोंडातल्या विड्या काढू लागली. एक बाप भांडायला आला, त्यालाही यांनी नळी दिली. जागरण, फोन, गोड पेयं, मित्राने दिलेली गोळी, प्रत्येक गोष्टीला नाही कसं म्हणायचं याचा सराव. घरी माझ्या नवऱ्यावर रंगीत तालीम व्हायची. बिचारा बहिणीला चहाचा कप द्यायला जायचा आणि ती तळहात पुढे करून गरजायची, "थांबा. मला हे नको आहे." तो कप घेऊन तसाच उभा. हसून हसून माझी मुरकुंडी वळायची.

सुरक्षिततेचा धडा मात्र त्या हसण्यावारी नेत नसत. तीन वाक्यं त्यांनी ठरवून दिली होती. थांबा. मला हे नको आहे. मी सांगणार आहे. आवाज पोटातून काढायचा, तळहात पुढे, पाय मागे, आणि तिथून निघून जो पहिला मोठा माणूस भेटेल त्याला सांगायचं. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, त्यानेही नाही तर तिसऱ्याला. कोणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचं.

घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. सरावाला समोर कोणीतरी हवं. वन्सं स्वतः वाईट माणूस झाल्या की वर्ग फिदीफिदी हसायचा. पुरुष शिक्षकांना विचारलं तर एकजण म्हणाला, आम्हाला आमची अब्रू आहे. शेवटी ग्रंथपाल हो म्हणाले.

या माणसाबद्दल मला आता धड लिहिता येणार नाही हे आधीच सांगते. तरी प्रयत्न करते. मऊ बोलायचा. पुस्तकांना स्वतः कव्हरं घालायचा, फाटलेली पानं चिकटवायचा, आणि डबा विसरलेल्या मुलांसाठी त्याच्या खणात बिस्किटं असायची. शाळेत कोणाचं काही अडलं की तो उभा. एकदा वन्संना ताप होता तर त्यांची हजेरीपुस्तकं घेऊन आमच्या घरी आला होता, माझ्या हातचा चहा प्यायला, कप स्वतः धुऊन ठेवला. त्या कपाची आठवण आली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वर्गात तो कधी काळा चष्मा लावून अनोळखी माणूस व्हायचा, कधी शेजारचा काका, कधी फोन दाखवणारा मोठा भाऊ. वन्संचा आग्रह असायचा की ओळखीचा माणूसही कर, कारण पुस्तकात लिहिलंय तसं, बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. हे त्या स्वतः शिकवत होत्या. शेजारी त्याला उभा करून शिकवत होत्या. मुलं एकेक करून पुढे यायची, तीन वाक्यं म्हणायची, तो घाबरल्यासारखं करून मागे सरायचा आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा.

पण वर्गातला सराव म्हणजे मूल तयारच असतं, त्यात काय कळणार, असं वन्संना वाटू लागलं. आगीची घंटा जशी न सांगता, तसंच हेही हवं. म्हणून त्यांनी अचानक सराव सुरू केला. ग्रंथपालाने कुठेही, जिन्यात, व्हरांड्यात, मैदानाच्या कोपऱ्यात, एखाद्या मुलाला गाठायचं. मुलाने तीन वाक्यं बरोबर म्हटली की तो हसून "पास" म्हणायचा आणि कागदाची चांदणी द्यायचा. ती वर्गातल्या तक्त्यावर चिकटवायची. सुरुवातीला कोणी ओरडलं की शिक्षक दचकून बाहेर यायचे. मग बाहेर येऊन हसायचे. मग बाहेर यायचे बंद झाले, बसल्या जागेवरून "शाबास" म्हणायचे. पुढे पुढे कोणी मानही वर करेना. शाळेत दिवसातून कितीदा तरी "मला हे नको आहे" ऐकू यायचं आणि वन्सं अभिमानाने मला सांगायच्या की आता मुलांचा आवाज खरा पोटातून येतो.

आगीच्या सरावाला वन्संनी नियम केले होते. घंटा कोण वाजवणार, मुलं कोण मोजणार, सराव संपला हे कोण जाहीर करणार. इथे काहीच नाही. दार उघडं हवं, हात लावायचा नाही, दुसरं कोणी दिसत असेल तिथेच करायचं, यातलं एकही वाक्य त्या त्याला बोलल्या नव्हत्या. भल्या माणसाला असलं काय बजावायचं, त्याला वाईट वाटेल, असं त्यांच्या मनात आलं होतं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

सातवीत एक मुलगी होती. वन्सं तिला तुतारी म्हणायच्या, कारण तिचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. अंगाने एवढीशी, गुडघे कायम खरचटलेले. घरी ती आणि आई दोघीच. आई इस्पितळाच्या धुलाईघरात, चादरी भट्टीतून काढून घडी करायच्या कामावर. तुतारी वर्गाची पुस्तकं बदलून आणायची, तो तिचा मान होता. तक्त्यावर सगळ्यात जास्त चांदण्या तिच्या.

एका तासाला नेहमीसारखा सराव चालू होता. त्या दिवशी ग्रंथपाल रजेवर होता म्हणून वन्सं स्वतःच समोर उभ्या होत्या. तुतारीची पाळी आली. ती पुढे आली आणि नुसती उभी राहिली. हात वर गेला नाही, तोंड उघडलं नाही. वन्संनी आधी गंमत केली, तुतारी फुटली का म्हणून. मग जरा रागावल्या. पोरं हसायला लागली. तेव्हा ती मुलगी अगदी हळू, त्यांनाच ऐकू जाईल इतकं हळू म्हणाली,

"बाई, खरंच झालं तर कोणतं वाक्य म्हणायचं?"

वन्सं सांगत होत्या की पहिल्यांदा त्यांना प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि पायाखालची जमीन सरकली. त्यांनी वर्ग मैदानात पळवला आणि तिला खेळाच्या साहित्याच्या खोलीत नेलं. चेंडूंच्या जाळ्या, दोऱ्या, चुन्याची पोती, त्यात दोघी जमिनीवर बसल्या, दार उघडं ठेवून. तिने सगळं सांगितलं.

काय झालं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढंच सांगते की वाचनालयाचं दार लावलेलं होतं, ती पुस्तकं घेऊन आत होती, आणि त्याने हे सराव म्हणूनच सुरू केलं, पण तो तिथे थांबला नाही. ती ओरडली. तिन्ही वाक्यं, पोटातून, शिकवली तशी. तो म्हणाला, पास. ती पुन्हा ओरडली. मग झटापट करून तिने कडी काढली आणि बाहेर आली. बाहेर पहिल्या भेटल्या त्या गणिताच्या बाई, हातात पेपरांचा गठ्ठा. तिने सांगितलं. बाई म्हणाल्या, "शाबास, फार छान आवाज लागला आज." मग ती कार्यालयात कारकुनाकडे गेली. तो हसून म्हणाला, चांदणी मिळाली की नाही? तिसरी राहिली आई. आईला तिने सांगितलंच नाही. आईला सरावाचं कौतुक होतं, रोज विचारायची किती चांदण्या झाल्या म्हणून. आईसुद्धा शाबास म्हणाली तर मग पुढे कोणी उरत नाही, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी वन्सं बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. एकेक गोष्ट क्रमाने सांगितली, हिशेब दिल्यासारखी. मी गॅस बंद केला आणि ऐकत राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाचा राग आलाच, पण खरं सांगायचं तर वन्संचाही आला, आणि मी तो लपवला नाही. तुम्ही त्याला सगळ्या शाळेची किल्ली दिलीत, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, हो.

त्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापिकेकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे, तोंडी आणि लेखी सगळं दिलं होतं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. पण शाळेचं नाव हा शब्द त्यांच्या तोंडात सारखा यायचा. चौकशी करू, पण गाजावाजा नको. शिक्षकांत कुजबुज नको. तुमचा तास चालू ठेवा, बंद केलात तर लोक विचारतील. वन्संनी तास चालू ठेवला, मात्र त्या दिवसापासून सराव कोणाला करू दिला नाही. बाकी शाळेला त्यातलं काही कळलं नाही, सराव थांबल्याचंसुद्धा. ग्रंथपाल साध्या रजेवर गेला, आजारपणाच्या.

तुतारीच्या आईला वन्संनीच धुलाईघराच्या दारात जाऊन सांगितलं. मी बरोबर होते. आत वाफ, बाहेर ओल्या चादरींच्या गाड्या, आणि ती बाई हात पुसत बाहेर आली ती हसतच आली, शिट्टीबाई भेटायला आल्या म्हणून. पुढचं मला आठवायचं नाही. वन्सं म्हणाल्या, आत्ता पोलिसांकडे जाऊ, मी येते. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, आधी शाळा काय म्हणते ते बघू. शाळेनंच माझ्या पोरीला खोटी ठरवली तर मग माझ्यासारखीचं पोलिस काय ऐकणार? मी वाद घातला. तिने ऐकलं नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं. म्हणजे सगळं येऊन थांबलं शाळेच्या चौकशीवर. तिथे पोरीचं खरं ठरलं तर पुढे दार उघडणार, नाहीतर बंद.

ग्रंथपालाने आपलं म्हणणं आधीच देऊन टाकलं होतं. ते मोठ्या बाईंनी वन्संना वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मी बाईंच्या सांगण्यावरून अचानक सराव घेत होतो, कुठे आणि कसा घ्यायचा याला बाईंनी कोणतीही मर्यादा घातली नव्हती, मुलगी भूमिकेत जास्त शिरली, गैरसमज झाला, मला अतिशय दुःख आहे. दुःख आहे म्हणे. वन्संची सगळी पद्धत त्याने अंगावर पांघरून घेतली होती आणि आत सुखात बसला होता.

मी दुकानात माणसं बघते. खोकल्याच्या औषधाच्या नावाखाली भलतंच मागायला येणारी, दुसऱ्याची चिठ्ठी आपली म्हणून पुढे करणारी. कोणाला खोटं पचतं आणि कोणाला नाही, हे मला कळतं. वन्संना खोटं पचत नाही हे मला ठाऊक होतं. तरी चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं की एक वाक्य बोला. मी त्याला बजावलं होतं की दार लावायचं नाही आणि हात लावायचा नाही, एवढंच. कोण विचारणार आहे? तुमचं त्याचं बोलणं कोणी ऐकलंय? या एका वाक्यात तो सापडतो.

"आणि तो म्हणाला, कधी बजावलं, कुणासमोर, मग?" त्या म्हणाल्या. "माझं खोटं उघडं पडलं की तिचं खरंही त्याच्याबरोबर जाणार. आणि तिला मी काय शिकवलंय? जसं झालं तसं सांगायचं. कमी नाही, जास्त नाही."

मी म्हटलं, तुमची शिकवणी पुरे झाली. हे मी फार कडू बोलले. त्या उठून उद्याच्या कपड्यांना इस्त्री करायला लागल्या.

चौकशी मोठ्या बाईंच्या खोलीत होती. व्हरांड्याच्या एका टोकाला ती खोली, शेजारी कार्यालय, समोर शिक्षकांची खोली, दुसऱ्या टोकाला वाचनालय, आता कुलूप लावलेलं. खोली म्हणजे व्हरांड्यातच प्लायवुड ठोकून काढलेली जागा, वरून उघडी. आत संस्थेचे अध्यक्ष, मोठ्या बाई आणि संस्थेचा आणखी एक माणूस. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की आईसमोर मूल मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून आईला बाहेर बसवलं. मी वन्संची सोबत म्हणून गेले होते, मलाही बाहेर बसवलं. लाकडी बाक, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. तुतारीची आई कामावरून तशीच आली होती, बोटांची टोकं सोडा-साबणाने पांढरी पडलेली. दोघींना आतलं अक्षर न अक्षर ऐकू येत होतं. मधल्या तासाची वेळ, वर्ग भरलेले, वरून पाढे म्हटल्याचा आवाज येत होता.

आधी वन्सं बोलल्या. अध्यक्षांनी विचारलं, सरावासाठी तुम्ही त्यांना काही मर्यादा घातली होती का. वन्सं म्हणाल्या, नाही. दार उघडं ठेवायला सांगितलं होतं का. नाही. मुलांपासून अंतर ठेवायला? नाही. मी हे सगळं सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, चूक माझी आहे, पण चूक माझी आहे म्हणून त्याने केलं ते सराव होत नाही. यावर अध्यक्ष म्हणाले की निष्कर्ष आम्ही काढू. मी बाकावर बसून दात आवळले होते. एका वाक्याचा प्रश्न होता आणि ते वाक्य त्यांनी सोडून दिलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मला तिच्याकडे बघवेना.

मग तुतारीला विचारायला लागले. गणिताच्या बाईंकडून, कारण न सांगताच, लिहून घेतलं होतं की असे आवाज रोजच येतात, त्या दिवशीचं नेमकं आठवत नाही. कारकुनालाही आठवत नव्हतं. अध्यक्षांचा आवाज प्रेमळ होता. म्हातारा माणूस, नातवंडं असतील घरी. त्यांनी तिला पाणी दिलं, घाबरू नकोस म्हणाले. तिने सांगितलं, जसं वन्संना सांगितलं होतं तसंच, न अडखळता. मग अध्यक्ष म्हणाले,

"बाळ, मला एक गोष्ट समजत नाही. तेव्हा शाळा भरलेली होती. याच व्हरांड्यात कार्यालय, याच व्हरांड्यात सगळे शिक्षक. तू म्हणतेस तशी खरंच जोरात ओरडली असतीस, तर कोणीतरी धावून आलं असतं ना?"

आत कागद सारखे केल्याचा आवाज आला. मोठ्या बाई हलकेच म्हणाल्या की मुलांचा असा समज होऊ शकतो, त्यात कोणाचा दोष नसतो. मला कळलं की संपलं. गैरसमज हा शब्द आता लिहिला जाणार, सगळ्यांची अब्रू राहणार, आणि ही पोर आयुष्यभर गैरसमज म्हणून जगणार. मी आत जायला बाकावरून अर्धवट उठले.

तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. "मी ओरडून दाखवू? तेव्हा ओरडले होते तसं?"

वन्सं म्हणाल्या, नको बाळा, तुला हे करायची गरज नाही. अध्यक्षही काहीतरी म्हणायला लागले. पण खुर्ची सरकली, आणि ती ओरडली.

मी आयुष्यात असा आवाज ऐकला नाही. थांबा. मला हे नको आहे. मी सांगणार आहे. प्लायवुड थरथरलं. वरचे पाढेसुद्धा क्षणभर अडखळले, आणि मग पुढे चालू झाले. मी व्हरांड्याकडे पाहत होते. कार्यालयाचं दार सताड उघडं होतं, कारकुनाची बोटं कीबोर्डवर चालूच होती. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई पेपर तपासत बसल्या होत्या, त्यांनी पान उलटलं. पाणी भरून निघालेला शिपाई आमच्यासमोरून गेला, त्याने चाल बदलली नाही. वरच्या मजल्यावरून कोणीतरी हौसेने "शाबास" म्हणालं.

ती पुन्हा ओरडली.

माझ्या शेजारची बाई उभी राहिली होती. पोरीने आत काय विचारलं ते तिनेही ऐकलं होतं, ओरडून दाखवते म्हणाली हे तिला माहीत होतं, तरी ती धावली. दाराच्या कडीला तिने हात घातला आणि ती कडी तिला उघडेना. त्या वेळी चित्रकलेचे सर ब्रश धुवायला निघाले होते. भला माणूस. कोणाची तरी आई घाबरलेली दिसली म्हणून थांबला, तिचा दंड हलकेच धरून तिला बाकाकडे वळवायला लागला.

"अहो बसा, बसा," तो हसून म्हणाला. "काही झालेलं नाही. सराव चालू असतो मुलांचा."

आतून दार उघडलं ते अध्यक्षांनी. ते उंबरठ्यावर उभे राहिले. त्यांनी चित्रकलेच्या सरांकडे पाहिलं, सरांच्या हातातल्या त्या बाईच्या दंडाकडे पाहिलं, मग मान वळवून सगळा व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. कारकुनाने आत्ता कुठे मान वर केली, तीही साहेब दिसले म्हणून. आई सरांचा हात झटकून अध्यक्षांच्या बाजूने आत घुसली आणि तिने पोरीला पोटाशी धरलं. वन्सं भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, डोळे मिटून.

तुतारीने आईच्या पदरातून तोंड बाहेर काढलं आणि दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला, नेहमीच्या आवाजात, वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं,

"तेव्हापण असंच झालं होतं. फक्त आई नव्हती."